सोळा मिलिसेकंदांचा दम

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात अजिबात चालू न होणारं मशीन आलेलं परवडतं. ते मेलेलं असतं, त्याचा पंचनामा करता येतो. वैताग आणते ती दुसरी तक्रार: "आपोआप बंद होतो आणि आपोआपच चालू होतो." कारण असं मशीन दवाखान्याच्या पायरीवर बऱ्या होणाऱ्या पेशंटसारखं असतं. २००५-०६च्या सुमाराला कर्जत, नेरळ, चौक, खोपोलीच्या बाजारपेठांत हे नित्याचं झालं होतं. जुन्या टॉवेलात गुंडाळलेला कॅबिनेट स्कूटरवर पायांपाशी ठेवून कशेळ्याहून, कडावहून किंवा वावोशीहून यायचा. (त्या सबंध पेटीला गिऱ्हाईक आणि मेकॅनिक दोघंही 'सीपीयू'च म्हणत, अजूनही म्हणतात. खरा सीपीयू म्हणजे आतली काडेपेटीपेक्षाही लहान चकती, हे दोघांनाही माहीत असूनसुद्धा.) दुकानातल्या टेबलावर तो लावला की दिवसभर गाणी वाजवत बसायचा, एकदाही बंद पडायचा नाही. घरी नेला की संध्याकाळी सातला पुन्हा तेच.

मुरलेला मेकॅनिक अशा वेळी स्क्रूड्रायव्हर उचलायचाच नाही. तो विचारायचा, "काका, फ्रिज त्याच बोर्डावर आहे का? संध्याकाळी बल्ब पिवळा पडतो का? जवळपास भातगिरणी आहे का?"

पुस्तकातला क्रम याच्या उलट असतो. आधी सॉफ्टवेअर बघा, मग रॅम, मग हार्ड डिस्क, मग मदरबोर्ड. कर्जत-खालापूरकडची तपासणी विजेच्या खांबापासून सुरू व्हायची आणि आत आत यायची. या सवयीचं मूळ कॉम्प्युटरच्या कितीतरी आधीचं आहे.

घाटाखालच्या या दोन तालुक्यांची विजेशी जितकी जुनी ओळख आहे, तितकी देशात फार थोड्या ग्रामीण भागांची असेल. ८ फेब्रुवारी १९११ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी लोणावळ्यात टाटांच्या जलविद्युत योजनेची कोनशिला बसवली. ज्यांच्या डोक्यातली ही कल्पना, ते जमशेटजी सात वर्षांपूर्वीच गेले होते. घाटमाथ्यावर पडणारा पाऊस वळवण, शिरवता आणि लोणावळ्याच्या तलावांत अडवायचा, तिथून पाचशे मीटरहून अधिक उंचीवरून लोखंडी नळांतून खाली सोडायचा आणि पायथ्याला खोपोलीत त्यावर चाकं फिरवायची, अशी ती योजना. १९१५ मध्ये खोपोलीचं केंद्र सुरू झालं. पाठोपाठ कर्जत तालुक्यात भिवपुरीचं केंद्र १९२२ मध्ये उभं राहिलं, त्याला पाणी आंध्रा नदीवरच्या ठोकरवाडी धरणाचं. आज खोपोलीची क्षमता ७२ मेगावॉट आहे, भिवपुरीची ७५.

चाकं फिरवून झाल्यावर पाणी इथेच राहिलं. खोपोलीचं पाणी पाताळगंगेत उतरतं. भिवपुरीचं उल्हासेच्या खोऱ्यात येतं आणि त्यातलंच राजनाल्यातून शेतांत जातं, म्हणून कर्जतमध्ये उन्हाळ्यातही भाताची हिरवी चौकट दिसते. वीज मात्र इथे थांबायला आलीच नव्हती. एक लाख व्होल्टच्या दाबाने ती शेतांच्या डोक्यावरून थेट परळला जायची, गिरण्या चालवायला. मनोऱ्यांच्या पायाशी नांगरणाऱ्या कुळाच्या घरी त्या काळी रॉकेलची चिमणी होती.

या तारांचं महत्त्व सगळ्यात अचूक ओळखलं ते माथेरानच्या एका वकिलाने. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे भाई कोतवाल. जन्म १ डिसेंबर १९१२, नाभिक कुटुंबातला, माथेरान नगरपालिकेत उपनगराध्यक्ष. १९४२च्या चळवळीत त्यांनी आझाद दस्ता उभा केला आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात मुंबईकडे वीज नेणारे मनोरे एकामागून एक पाडायला सुरुवात केली. हत्यार काय, तर लोखंड कापायची करवत. मनोऱ्याचे पाय कापायचे, पुढचं काम त्याचं वजन करत असे. इंग्रज सरकारच्या युद्धसामग्रीचं आणि मुंबईच्या कारखान्यांचं चक्र थांबवायचं तर मुंबईत बॉम्ब टाकायची गरज नाही, कर्जतच्या रानात लोखंड कापलं तरी पुरतं, हा त्यामागचा हिशेब होता. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. बिघाड कारखान्यात न शोधता वाटेवर शोधावा, ही जाण या मुलुखात अशी आधीच रुजलेली होती असं म्हणणं ओढूनताणून आणल्यासारखं वाटेल. पण कर्जतच्या विजेबद्दल लिहायचं आणि या वकिलाला वगळायचं, हे काही बरं दिसत नाही.

गावोगावी वीज नेण्याचं काम पुढे १९६० मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाने केलं. ठाकरवाड्या-कातकरवाड्यांवर ती त्यानंतरही कितीतरी उशिरा पोचली. तेव्हापासून बोलीत दोन विजा झाल्या: टाटांची वीज मुंबईची आणि बोर्डाची वीज आपली. एका ट्रान्सफॉर्मरवर दोन-तीन पाडे, शेवटच्या घरापर्यंत लोंबकळणारी तार, झाडाची फांदी घासली की उडणाऱ्या ठिणग्या. बल्बला त्याचं काही वाटायचं नाही. तो मिणमिणायचा आणि पुन्हा पेटायचा. ट्यूब दोनदा लुकलुकायची. पंख्याला तर कळायचंही नाही. १९९०च्या दशकाच्या अखेरीस मात्र या तारांच्या टोकाला असं एक यंत्र येऊन बसलं की ज्याला डोळ्याची पापणी लवावी एवढा खंडही सोसत नव्हता.

हे यंत्र एवढं हळवं का, हे त्याच्या पाठीमागच्या पत्र्याच्या डब्यात आहे. त्या डब्याला सगळे एसएमपीएस म्हणतात. भिंतीतून येणारी २३० व्होल्टची वीज तो आत घेतो आणि मदरबोर्डला तीन ठरावीक दाबांनी वाढून देतो: पिवळ्या तारेवर १२ व्होल्ट, लाल तारेवर ५, नारिंगीवर ३.३. आपल्याकडच्या विजेची एक लहर २० मिलिसेकंदांची असते. भिंतीतली वीज गेली तर चांगला एसएमपीएस आपल्या पोटातल्या कॅपॅसिटरांतल्या साठ्यावर सोळा-सतरा मिलिसेकंद तग धरतो. म्हणजे एक लहरसुद्धा पुरती नाही. तेवढ्यात वीज परतली तर कॉम्प्युटरला पत्ताही लागत नाही. नाही परतली तर आणखी एक गंमत होते. एसएमपीएसमधून एक राखाडी तार मदरबोर्डकडे जाते. 'सगळे दाब ठीक आहेत' एवढाच निरोप ती देत असते. दाब घसरला की हा निरोप थांबतो आणि मदरबोर्ड काम जागच्या जागी सोडून देतो. वीज परतली, निरोप पुन्हा आला, की मशीन पहिल्यापासून सुरू. गिऱ्हाईक ज्याला 'आपोआप बंद होऊन आपोआप चालू' म्हणतं ते हेच. वास्तविक मशीन तेव्हा बिघडलेलं नसतं. ते दिलेल्या हुकुमाप्रमाणेच वागत असतं.

भातगिरणीचा प्रश्न इथूनच येतो. गिरणीची मोटर सुरू होते त्या क्षणी ती तिच्या नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. त्याच लाइनवरच्या घरांत दाब क्षणभर बसतो. सुगीच्या दिवसांत, भात भरडायला रांग लागलेली असताना, शेजारच्या घरातला कॉम्प्युटर दिवसातून कितीदा सुरू व्हायचा याचं गणित गिरणीवाल्याच्या हातात होतं.

ही दुरुस्ती करणारे लोक आले कुठून? बरेचसे रेडिओ-टीव्हीवाल्यांच्या दुकानांतून. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं आणि पुढच्या दोन दशकांत टीव्ही घरोघर पोचला. त्याच्याबरोबर डाग देणाऱ्या, म्हणजे सोल्डरिंग करणाऱ्या हातांची एक पिढी तयार झाली. त्यांचीच मुलं आणि चेले पुढे कॉम्प्युटरकडे वळले. शिक्षण म्हणावं तर कल्याण-ठाण्याच्या हार्डवेअर क्लासमधलं सहा महिन्यांचं, बाकीचं गिऱ्हाइकाच्या मशीनवर.

शिवाय लोकल. कर्जत मुंबईपासून शंभर किलोमीटरवर, पण रुळांनी जोडलेलं. खोपोलीकराला आधी लौजी, डोळवली, केळवली, पळसदरी करत जाणारी शटल पकडून कर्जत गाठावं लागे. मग दादरला उतरून पश्चिम रेल्वेने ग्रँट रोड आणि पायी लॅमिंग्टन रोड. त्या रस्त्याचं सरकारी नाव डॉ. भडकमकर मार्ग, पण बिलबुकांखेरीज ते कुणी वापरत नाही. तिथून मदरबोर्ड, रॅम, कॅबिनेट घेऊन संध्याकाळच्या कर्जत लोकलमध्ये शिरायचं. मॉनिटर काचेच्या जाड नळीचा, पंधरा-सोळा किलोंचा. तो घेऊन सहाच्या गाडीत चढलेल्या माणसाला डब्यातले लोक काय काय बोलत असतील, याची कल्पना त्या गाडीने प्रवास केलेल्या कुणालाही करता येईल. कर्जतला उतरल्यावर वडापाव खाऊन दुकानात पोचायचं आणि जोडणी सुरू. अशा 'असेम्बल' मशीनला कंपनीच्या मशीनपेक्षा पैसे कमी पडत, आणि जिथे ते वाचत ती जागा ठरलेली होती. कॅबिनेटबरोबर फुकट मिळणारा एसएमपीएस. त्यावर ४५० वॉट छापलेलं असे, आणि हातात धरला तर तो वाण्याच्या रिकाम्या डब्याइतका हलका लागे. जाणता मेकॅनिक तो तळहातावर नुसता तोलून बाजूला ठेवी. आत तांबं नाही, जाड पट्ट्या नाहीत, कॅपॅसिटर नावापुरते. ज्याने सोळा मिलिसेकंद टिकायचं तो पाचमध्येच मान टाकायचा.

खांबावर दोष नाही, घरातल्या वायरिंगमध्ये नाही, अशी खात्री झाली की मगच पेटी उघडायची. इथे जुन्या हातांची पद्धत पाहण्यासारखी होती. सगळ्या तारा सोडवून एसएमपीएस एकटाच टेबलावर घ्यायचा. त्याच्या मोठ्या जोडातल्या हिरव्या आणि काळ्या तारेत कागदाला लावायची टाचणी वाकवून घालायची, की पंखा फिरू लागतो. मग मल्टिमीटरची टोकं पिवळीवर: ११.४च्या खाली आकडा दिसला तर एसएमपीएस बाद. लालवर ४.७५. पण नुसत्या टाचणीवर आकडे बरोबर येतात आणि ओझं पडल्यावर बसतात, म्हणून खरी परीक्षा सगळं जोडून, सीडी फिरत असताना. त्यातही पास झाला तर रॅम काढायची, शाळेच्या खोडरबराने तिच्या सोनेरी दातांवरून दोनदा फिरवायचं, फुंकर न मारता ब्रशने झटकायचं (फुंकरीबरोबर थुंकी जाते), आणि 'टक्' असा आवाज येईपर्यंत परत दाबायची. या खोडरबराची चेष्टा करणारे पुष्कळ. पण कर्जतला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जुलै-ऑगस्टात भिंतींना ओल येते, चपलांवर बुरशी धरते, तिथे पितळ-तांब्याच्या जोडांवर थर चढणं ही रोजची गोष्ट. पावसाळ्यात खोडरबराने सुटणाऱ्या केसेस खरोखरच खूप असत.

आणि प्राणी. एसएमपीएस उबदार असतो, रात्री बंद केल्यावरही तासभर. पावसात पालीला, झुरळाला आणि मुंग्यांना याहून चांगली खोली मिळणार नाही. दोन टोकांवर एकाच वेळी पाय ठेवणारी पाल स्वतः मरते आणि फ्यूज घेऊन जाते. उंदीर मागच्या उघड्या पट्टीतून शिरून तारा कुरतडतो. पेटीच्या मागच्या बाजूची ती पत्र्याची पट्टी लावून घ्या, असं सांगून मेकॅनिक थकले, लोकांनी तिथे वर्तमानपत्र कोंबलं. मग हवा कोंडली आणि उन्हाळ्यात मशीन तापून बंद पडू लागलं. २००४च्या सुरुवातीला आलेली पेंटियम ४ची नवी जात तर शंभर वॉटच्या आसपास उष्णता फेकायची. आतल्या पंख्याखाली धुळीची गादी साचली की दुपारी दोनला मशीन बंद आणि रात्री दहाला ठणठणीत. वेळ विचारली की निदान निम्मं व्हायचं. संध्याकाळी सातला बंद पडतो तो विजेचा रोगी, दुपारी पडतो तो उष्णतेचा.

रोगांचे काही प्रकार विशिष्ट सालांचे होते. ऑगस्ट २००३ मध्ये एकाएकी सगळ्या नेट कॅफेंतली मशीन साठ सेकंदांची उलटी मोजणी दाखवून बंद होऊ लागली. अनेक मेकॅनिकांनी सवयीने एसएमपीएस बदलून पाहिले. तो ब्लास्टर नावाचा किडा होता, विंडोज एक्सपीच्या एका भोकातून शिरणारा. ते भोक बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने जुलैमध्येच दिली होती, पण टेलिफोनच्या तारेवरून किरकिरत चालणाऱ्या इंटरनेटवर ती कोण उतरवून घेणार? उतरवायला नेटवर जावं तर मिनिटाभरात मोजणी सुरू. तोड अशी निघाली की मोजणी दिसताच 'रन'मध्ये शटडाऊन लिहायचं, आडवी रेघ, ए, आणि एंटर. मोजणी थांबायची. ही ओळ तेव्हा मंत्रासारखी तोंडी पसरली. कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून मॉनिटरला चिकटवली गेली. पुढच्या वर्षी सॅसर आला तेव्हा तीच चिठ्ठी पुन्हा कामाला आली.

एक्सपीची आणखी एक खोड होती. आतून मोठा घोटाळा झाला की ती निळा पडदा दाखवायची, पण डोळ्यांना दिसण्याआधीच मशीन रिस्टार्ट करून टाकायची, कारण तशी खूण तिच्यात कंपनीनेच आधीपासून करून ठेवलेली. त्यामुळे विजेचा दोष आणि सॉफ्टवेअरचा दोष बाहेरून हुबेहूब सारखे दिसत. माय कॉम्प्युटरच्या प्रॉपर्टीजमध्ये शिरून 'ऑटोमॅटिकली रिस्टार्ट'समोरची बरोबरची खूण काढून टाकणं हे म्हणून पहिल्या पाच मिनिटांतलं काम. खूण काढल्यावर निळा पडदा थांबला तर दोष आतला: ड्रायव्हर, रॅम, हार्ड डिस्क. खूण काढूनही मशीन नुसतंच काळं होऊन परत आलं तर दोष विजेचा किंवा उष्णतेचा. इतकी स्वच्छ विभागणी करून देणारी दुसरी चाचणी त्या काळात नव्हती. 'फॉरमॅट मारून देतो, हजार रुपये' म्हणणारे ती करत नसत, हा भाग वेगळा.

मग फुगलेले कॅपॅसिटर. हा रोग जगभराचा होता. १९९९ ते २००७च्या दरम्यान मुख्यतः तैवानमध्ये बनलेल्या कॅपॅसिटरांत भरलेलं रसायन सदोष निघालं. ते आत वायू करायचं, डबी फुगायची आणि माथ्यावरच्या फुलीच्या खाचेतून तपकिरी चीक बाहेर यायचा. रसायनाचं सूत्र चोरताना अर्धवट उतरवलं गेलं, अशी एक कथा तेव्हापासून सांगितली जाते. खरी असो वा नसो, नुकसान खरं होतं. डेलसारख्या कंपनीने २००५ मध्ये या दुरुस्त्यांपोटी ३० कोटी डॉलरचा खर्च दाखवला.

कर्जत-खोपोलीत मात्र हा रोग जुन्या रेडिओवाल्यांना सुगीचा ठरला. प्रोसेसरच्या भोवती उभी असलेली निळी-हिरवी डब्यांची रांग बघायची, माथ्यावरून बोट फिरवायचं. सपाट असली तर चांगली, पोटुशी असली तर गेली. हे कॅपॅसिटर प्रोसेसरला मिळणाऱ्या विजेतले चढउतार गिळून ती सपाट करत असतात. ते निकामी झाले की साधं टायपिंग चालतं, पण गाणं लावलं किंवा गेम सुरू केला, प्रोसेसरने एकदम जास्त वीज मागितली, की दाब कोसळतो आणि मशीन पुन्हा पहिल्यापासून. कंपनी बोर्ड बदला म्हणायची. बाजारातला मेकॅनिक बोर्ड उलटा धरायचा, जुना डाग तापवून कॅपॅसिटर हलकेच डोलवत काढायचा, भोकं सुईने मोकळी करायची आणि नवा बसवायचा. २२०० मायक्रोफॅरड, ६.३ व्होल्ट, आणि डबीवर १०५ अंश लिहिलेलं असलंच पाहिजे. रेडिओच्या डब्यातला ८५ अंशांचा बसवला तर गिऱ्हाईक दोन महिन्यांत परत. पट्टी कुठल्या बाजूला हे चुकलं तर दोन महिनेही नाहीत, कॅपॅसिटर तिथल्या तिथे फुटतो आणि छताला लागतो.

याच काळात सरकारी नोकरीसाठी एमएस-सीआयटी ही कॉम्प्युटरची परीक्षा आवश्यक झाली. तिचा अभ्यासक्रम चालवणारं 'एमकेसीएल' २००१ मध्ये स्थापन झालं आणि पाहता पाहता प्रत्येक बाजाराच्या गावात आठ-दहा मशीनांचे क्लास निघाले. आठ-दहा मशीन एका खोलीत, एका मीटरवर. आणि २००५ पासून महाराष्ट्रभर भारनियमन. त्याच वर्षी जूनमध्ये विद्युत मंडळाचे तुकडे होऊन महावितरण झालं होतं. मुंबईला भारनियमनाची झळ जवळपास लागली नाही. खोपोली-भिवपुरीची वीज नेणाऱ्या मनोऱ्यांखालची गावं मात्र वेळापत्रकाप्रमाणे अंधारात बसली. क्लासवाल्यांना परीक्षेच्या वेळा भारनियमनाच्या तक्त्याशी जुळवून घ्याव्या लागत. २६ जुलै २००५च्या पावसात उल्हास पात्राबाहेर आली, तेव्हा चिखल भरलेले कॅबिनेट लोकांनी नळाखाली धुऊन उन्हाची वाट पाहत वाळत टाकले. जुलैअखेरचं ऊन ते काय! तरी त्यातले काही पुन्हा चालले.

भारनियमनाने यूपीएस आणि इन्व्हर्टरचा धंदा वाढवला आणि रिस्टार्टच्या तक्रारींत नवी भर घातली. फ्रिजचा जुना स्टॅबिलायझर कॉम्प्युटरला लावायची युक्ती पुष्कळांनी केली. तो दाब सांभाळताना आतली रिले 'खट्' करून पायरी बदलते आणि त्या खटक्यात जी फट पडते तीच स्वस्त एसएमपीएसला पुरते. म्हणजे औषधानेच रोग. यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत मरते, तरी पेटीवरचा हिरवा दिवा लागलेलाच राहतो आणि घरमालकाचा विश्वास त्या दिव्यावर. इन्व्हर्टरच्या पाठीला एक बारीक कळ असते, एका बाजूला यूपीएस, दुसऱ्या बाजूला साधी. ती साध्या बाजूला असली तर लाइट जाताना बल्बला फरक पडत नाही, कॉम्प्युटर मात्र दर वेळी पडतो. कितीतरी मशीन लॅमिंग्टन रोडला जाऊन, बोर्ड बदलून, परत येऊनही बंद पडत राहिली आणि शेवटी त्या कळीवर एक बोट ठेवल्यावर सुधारली. अर्थिंगची गोष्टही तशीच. तीन टोकांची पिन आहे, पण तिसऱ्या भोकामागे तारच नाही, अशी घरं असंख्य. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात, ही तक्रार म्हणजे अर्थिंग नसल्याची पावती. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ आणि कोळसा घालून पाणी ओतायचं असतं. पण इथे दोन फुटांवर कातळ, एप्रिल-मेमध्ये खड्डा कोरडा. म्हणून उन्हाळ्यात शॉक देणारा कॉम्प्युटर पावसाळ्यात सोज्वळ होतो.

८ एप्रिल २०१४ रोजी मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा हात सोडला. त्याआधीच लॅपटॉप आले होते. त्यांच्या पोटात बॅटरी, म्हणजे खांबाचे सगळे नखरे तिनेच गिळलेले. पाठोपाठ स्वस्त डेटा आणि मोबाइल. पाच-सात वर्षांत ही दुकानं मोबाइलच्या काचा बदलू लागली, फार्महाउसांवर सीसीटीव्ही बसवू लागली. टेबलमॉडेल मशीन राहिली ती सेवा केंद्रांत, पतपेढ्यांत, झेरॉक्सच्या दुकानांत आणि फार्महाउसच्या एखाद्या कोपऱ्यात, जिथे मालक महिन्यातून एकदा येतो.

२०२० साली ती माळ्यावरून पुन्हा खाली आली. लॉकडाउनमध्ये शाळा ऑनलाइन झाल्या आणि घरात दोन मुलं असतील तर एक मोबाइल पुरेना. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडमधून गेलं, खांब आडवे झाले, वीज यायला दिवस लागले, आणि आल्यावर लोकांनी जुने सीपीयू पुसून लावले. मदरबोर्डवरची रुपयाएवढी बॅटरी सगळ्यांची मेलेली. त्यामुळे मशीन दर वेळी वीसएक वर्षं मागे जाऊन उभं राही आणि तारीख चुकीची म्हणून शाळेची साइट उघडेना. प्रोसेसरवरची पेस्ट खडूसारखी वाळलेली, वर्गाच्या पंधराव्या मिनिटाला मशीन तापून बंद. ज्यांनी पाच वर्षं सोल्डरिंग गनला हात लावला नव्हता, त्यांच्या दुकानांसमोर मास्क लावलेले पालक कॅबिनेट घेऊन उभे राहिले. पहिला प्रश्न त्यांनाही तोच: घरी कुठल्या बोर्डावर लावता?

त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला सकाळी दहाच्या सुमाराला मुंबईचीच वीज गेली. लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या, सिग्नल विझले, शेअरबाजार आणि इस्पितळं जनरेटरवर आली. एवढं मोठं शहर पुन्हा सुरू करायचं तर आधी कुठून तरी वीज हवी, कारण कोळशाचं केंद्र स्वतः सुरू व्हायलाच भरपूर वीज मागतं. पाण्याच्या केंद्राचं तसं नाही. तिथे झडप उघडायची, पाण्याचा झोत चाकाच्या वाट्यांवर आदळतो, चाक फिरायला लागतं. टाटा पॉवरने त्या सकाळी कळवलं की आपली तीन जलविद्युत केंद्रं आणि ट्रॉम्बे इथून पुरवठा पूर्ववत करण्याचं काम चालू आहे. तिघांतलं एक माणगाव तालुक्यातलं भिरा. उरलेली दोन म्हणजे भिवपुरी आणि खोपोली. दुपार व्हायच्या आत मुंबईचे भाग एकेक करून उजळू लागले, आणि काम झालेलं पाणी रोजच्याप्रमाणे खाली पाताळगंगेत आणि राजनाल्यात उतरलं.